दहावी सुई

"ताण बाई, ताण. इतली ढिली कावून धरून राहिली?"

बाबा अंगणाच्या त्या टोकाला उभे होते आणि मी या टोकाला. मधे कपडे वाळत घालायची नवी काथ्याची दोरी. पाच मिनिटांचं काम होतं, पण पाऊण तास झाला तरी संपत नव्हतं आणि माझी शाळेची वेळ होत आली होती.

"ताणली ना बाबा. आणखी ताणली तं तुटंन."

"तुटत नाई. तू हातानं ओढून राहिली. हातानं नसते ओढायचं, पाय रोवून उभं राहाचं. दोरी आपोआप ताणते."

मी पाय रोवले. त्यांनी एक डोळा मिटून दोरीच्या मधल्या झोळाकडे पाहिलं, मान हलवली आणि आपल्या हातातलं टोक जमिनीवर टाकून दिलं.

"तुह्याच्यानं नाई होत. याले नत्थू पाह्यजे."

ते नाव त्यांच्या तोंडून मी अठरा वर्षांनी ऐकत होते. त्यांनाही ते जाणवलं असावं. ते वळले आणि ओसरीवर जाऊन बसले. दोरी मी एकटीनेच खुंटीला कशीबशी बांधली आणि शाळेत गेले.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट, माघातली. आम्ही अमरावतीला राजापेठेत दोन खोल्या आणि अंगण असलेल्या घरात राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं लग्न झालं नाही. ती वेगळी गोष्ट आहे. माय गेल्यावर बाबा बाळापूरची बागाईत भावांवर सोडून माझ्याकडे आले होते. आमचं घराणं भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. पण तीन भावांत सव्वा एकर मळा पुरेना, म्हणून धाकट्या गोवर्धनाला, म्हणजे बाबांना, तरुणपणीच जमीन मोजणीच्या कामावर धाडलं होतं. तिथे ते साखळी ओढणारे झाले आणि तेच राहिले.

साखळी तेहतीस फुटांची. ती ओढायला दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. मागचा माणूस आपलं टोक खुणेवर दाबून धरतो आणि ओरडतो, "धरली!" पुढचा आपलं टोक घेऊन चालत जातो. तो सरळ रेषेत आहे की नाही हे त्याला स्वतःला कळत नाही. ते मागच्याला दिसतं. मागचा हाताने खूण करतो, डावीकडे, आणखी थोडं डावीकडे. मग तळहात खाली दाबतो, म्हणजे बस, तिथेच. पुढचा त्या जागी हातभर लांबीची लोखंडी सुई जमिनीत रोवतो आणि हाक देतो, "रोवली! ये!" त्या हाकेशिवाय मागच्याने जागचं हलायचं नाही. हाक आली की त्याने चालत सुईपर्यंत जायचं, ती उचलायची आणि तिच्याच जागी आपलं टोक दाबायचं. सुया दहा. दहाही मागच्याच्या हातात जमल्या की एक फेरी झाली. मग मागचा त्या सुया पुढच्याच्या तळहातावर एक एक करून मोठ्याने मोजून देतो, आणि मोजणीदार वहीत दहा साखळ्या लिहितो.

बाबा मागचे होते. पुढचे नत्थुजी. ते अकोल्याकडचे, शेतकरी घरातले, ताडमाड उंच. मी त्यांना नत्थुकाका म्हणायची. अकरा वर्षं ते दोघे एकाच साखळीच्या दोन टोकांना होते.

मी नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात माय मला घेऊन त्यांच्या तळावर राहिली होती. बाळापूरच्या अलीकडे चिंचेखाली तंबू होते. पिकं निघाल्यावर, रानं मोकळी झाल्यावर मोजणीचं काम चाले. काळ्या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असत. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून त्या दोघांकडे पाहत असे. हाक, खूण, हाक. दूरवर एक उंच माणूस आणि एक ठेंगणा, मधे उन्हात चमकणारी ओळ. ती ओळ कधी जमिनीला टेकलेली मला आठवत नाही.

त्यांचं पटायचं असं नाही. बाबा चिडके होते. सकाळी साखळी पुसून, कड्या तपासून तयार बसायचे आणि नत्थुकाका गावात कुणाच्या तरी ओट्यावर ताक पीत बसलेले असायचे.

"या माणसाले गावात सोडला का चार घरचं ताक पिऊन येते अन् पाच घरच्या सोयरिकी जमवून येते," बाबा मायजवळ तणतणत.

"तुहा बाप माणूस नाई रुख्मे," नत्थुकाका मला सांगत, "गुण्या हाये, सुताराचा गुण्या. काटकोनातच चालते, काटकोनातच रागावते."

त्या उन्हाळ्यात काहीतरी बिनसलं आणि दोघांनी तीन आठवडे अबोला धरला. काम मात्र एक दिवसही थांबलं नाही, कारण साखळीवरचे शब्द बोलण्यात धरायचे नाहीत असं त्यांनी न ठरवताच ठरवलं होतं. दिवसभर "धरली", "रोवली, ये" चालायचं आणि तळावर आलं की तोंडं बंद. जेवताना नत्थुकाका मला म्हणायचे, "रुख्मे, तुह्या बापाले म्हण, मीठ दे." बाबा मीठ सरकवायचे आणि मलाच सांगायचे, "तुह्या काकाले म्हण, पुढच्या वख्ती आपलं मीठ घरून आणजो." माय पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची.

मोजणीदार वामनराव होते. साहेब तपासायला यायचा तेव्हा ते याच जोडीला पुढे करत. बाकीच्या साखळ्यांच्या मापात फेर निघे, यांच्या मापात निघत नसे. वामनराव म्हणत, या दोघांना एका डोक्यानं दोन ठिकाणी उभं राहता येतं.

पुढे मी अमरावतीला मावशीकडे राहून शिकायला लागले, आणि पाचवीत असताना सुट्टीत बाळापूरला गेले तेव्हा नत्थुकाका कामावर नव्हते. मायने एवढंच सांगितलं की त्यांना काढून टाकलं. बाबांना विचारू नको, असंही सांगितलं. मी विचारलं नाही. नंतरच्या नऊ वर्षांत बाबांच्या साखळीवर सात माणसं बदलली. एक फार ओढतो, एक झोल ठेवतो, एकाला डावंउजवं समजत नाही. मग बाबांनीच काम सोडलं.

त्या दोरीच्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा ओसरीवर तसेच बसलेले होते. मी चहा ठेवला. ते माझ्याकडे न पाहता सांगू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाळापूरजवळ मैनाबाई नावाच्या विधवा बाईचं वांग्याचं रान होतं. तिच्या धुऱ्याचा जुना दगड सापडत नव्हता, म्हणून नकाशावरून वीस साखळ्या मोजून नवा पुरायचा होता. दोन फेऱ्यांचं काम. पहिल्या फेरीत एक सुई भेगेत गेली. बाबांना ती दिसली नाही. तिच्या जागेची खूण दिसली, ते पुढे चालत राहिले. फेरी संपली तेव्हा त्यांच्या हातात नऊच सुया होत्या.

"मंग मोजताना समजलं नाई?" मी विचारलं.

"मोजल्याच नाई." बाबांनी कप खाली ठेवला. "चार-पाच वर्सं झाले होते, आमी मोजणं सोडून देल्लं होतं. नवी जोडी असती तं मोजल्या असत्या. मी मूठ पुढं करो, थो मूठ घे. वामनराव दहा लिहीत."

दुसऱ्या फेरीत नऊ सुया नऊ साखळ्यांतच संपल्या. वहीत पुन्हा दहा चढल्या. दगड एक साखळी अलीकडे, तेहतीस फूट अलीकडे पुरला गेला. मैनाबाईची विहीर त्या तेहतीस फुटांत होती.

"संध्याकाळी तंबूत आल्यावर म्या मोजल्या. नऊ. मनाले समजावलं का परतताना रस्त्यात पडली असन. दुसऱ्या दिशी लोहाराकून एक नवी करून आणली, अन् जुन्यात मिसळून ठेवली. कोनाले सांगतलं नाई. नत्थूलेबी नाई."

शेजाऱ्याने विहिरीवर हक्क सांगितला. मैनाबाईचं रान वर्षभर वाळलं. तिने अर्जावर अर्ज केले तेव्हा पुढच्या चैत्रात फेरमोजणी झाली आणि चूक निघाली. साहेबाने दोघांना समोर उभं केलं. वामनरावांनी हात झटकले होते. साहेब म्हणाला, चूक कुणाची ते एक नाव सांगा, नाहीतर दोघेही घरी जा.

"मी तोंड उघडणार तं थो बोलून गेला. सुया माह्या हाती होत्या म्हणे, चूक माही. सायबानं लिहून घेतलं." बाबांनी अंगणाकडे पाहिलं. "मी उभाच होतो रुख्मे. मी काई बोललोच नाई."

अंगणात मी बांधलेली दोरी वाऱ्याने हेलकावत होती.

"मंग कधी गेले नाई त्यांच्याकडं?"

"गेल्तो. अकोल्याले, मोर्णा नदीच्या पलीकडं. कापसाच्या जिनाच्या मांगची ओळ, तिसरं दार, दारात निंब. दोनदा गेल्तो. निंबापर्यंत." मग ते म्हणाले, "तुले सुट्टी कधी हाये?"

वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, "परीक्षा झाली का जाऊ बाबा. दोघं जाऊ."

"जाऊ," ते म्हणाले.

फाल्गुनात, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस धरू नका. बाबा ओसरीतल्या बाजेवर अंगणाकडे तोंड करून पडून असत. डोळे स्वच्छ होते. सगळं कळत होतं. मी जवळ बसले की डाव्या हाताने माझं मनगट धरत आणि दाराकडे बघत. मी दोन दिवस समजून न समजल्यासारखं केलं, कारण समजलं असतं तर परीक्षेसाठी घालवलेले दिवस मोजावे लागले असते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुर्गाबाईंना त्यांच्याजवळ बसवलं आणि सकाळच्या गाडीने अकोल्याला निघाले.

तिसरं दार सापडायला वेळ लागला नाही. पत्ता इतका नेमका होता. निंबाखाली एक उंच, वाकलेला म्हातारा अंबाडीचा दोर वळत होता. दोर वळायला समोर दुसरा माणूस लागतो. त्याने दुसरं टोक निंबाच्या खोडाला बांधलं होतं.

"कोन?"

"मी रुख्मिणी. गोवर्धनची."

त्यांनी पीळ देणं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मोठी झाली," म्हणाले. मग, "बाप हाये का गेला?"

"हायेत. लकवा झाला. वाचा गेली."

"मंग त्यानं बोलवलं कसं?"

"त्यांनी नाई बोलवलं. मी आली. तुमी चला काका."

"त्यानं नाई." त्यांनी पुन्हा दोराला पीळ द्यायला सुरुवात केली. "मंग मी कावून येऊ? अठरा वर्सं झाले. अकोलं का विलायतेत हाये? गाडी येत नाई का इथं?"

"ते आल्ते. दोनदा. या निंबापर्यंत."

हात थांबले.

"दोनदा?"

"दोनदा म्हणाले."

"मले एकदाच दिसला." त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "छत्री होती हाती. निंबाखाली उभा होता, हातभर मांगं. मी त्या दारात होतो, आत अंधार, त्याले दिसत नसन. म्या हाक मारली नाई. मनात म्हनलं, इतला आला तं येईन आत. घडीभरानं पाह्यतो तं गेला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "मंग समजलं मले. थो कसा येईन? पुढच्यानं 'ये' म्हणल्याबिगर मागचा जागचा हालत नाई. अकरा वर्सं मीच सवय लावली त्याले."

मी त्यांना लोहाराकडच्या सुईचं सांगितलं. बाबांनी सांगितलं होतं त्याच शब्दांत सांगितलं, मधे काही घातलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील.

"मालूम होतं मले."

"मालूम होतं?"

"दुसऱ्या दिशी सकाळी मूठ हाती घेतली अन् समजलं. नऊ सुया घासून घासून गुळगुळीत झालत्या, दहावी खरखरीत लागली. म्हनलं, सांगंन गोवर्धन आपल्या तोंडानं. थो म्हणत असन, नत्थू इचारन. दोघंबी थांबलो. तिकडं त्या बाईचं रान वाळून राहिलं." ते निंबाकडे बघत होते. "चूक त्याची म्हणू का माही? थो नऊ देत होता, मी नऊ घेत होतो. एकाचं नाव लिहाले सायबाले सोपं."

"पण तुमीच कावून सांगतलं?"

"माह्या घरी भाऊ होता, वावर होतं. गोवर्धनाची पोट्टी अमरावतीले शिकून राहिली होती." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीपर्यंत. "कोन्या वर्गात होती तू तवा?"

"पाचवीत."

"अन् आता?"

"शिकवते."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले, जणू एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. ती कुणामुळे हातात आली हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "थो दोरी धरते कशी आता? धरते का काई?"

"आजारी पडायच्या आधी धरत होते. डाव्या हातानं. मनगटाले येढा देऊन."

"येढा!" ते एकदम हसले. दात फारसे उरले नव्हते. "सायबानं तीनदा मना केलतं. हात तुटंन म्हणे. आयकला नाई." हसता हसताच गुडघ्यावर हात देऊन ते उठले, घरात गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आले. वळलेला दोर निंबापासून सोडून त्यांनी खांद्यावर टाकला. "चाल. गाडी कधीची हाये?"

मूर्तिजापूर गेल्यावर गाडीत त्यांनी ते फडकं उघडलं. आत एक सुई होती, गंजून काळी पडलेली, कडीत नवी लाल चिंधी बांधलेली. कामावरून काढल्यावर तो उन्हाळा त्यांनी मैनाबाईच्या मोटेवर काढला होता, बिनमजुरीने. विहीर तिला परत मिळाली होती, पण मोट हाकायला माणूस नव्हता. दुपारी बैल सोडले की नत्थुकाका धुऱ्यावर जाऊन भेगा उकरत. बाविसाव्या दिवशी दीड हात खोल ही सापडली.

"मंग दाखवली कावून नाई बाबाले?"

"काय दाखवू? पाह्य, तुह्या हातून हे राहून गेली? असं?" त्यांनी सुई पुन्हा गुंडाळली. "वाटलं, थो आला का देईन."

आम्ही घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दुर्गाबाई बाबांना पेज भरवत होत्या. बाबांनी दारातल्या उंच आकाराकडे पाहिलं. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले. पेजेचा घोट ओठातून बाहेर आला. दुर्गाबाईंनी तो पुसला.

मी नत्थुकाकांकडे पाहिलं. ते परत फिरतील असं मला वाटलं. ते अंगणाकडे वळले.

"हे दोरी कोनं बांधली?"

"मी."

"म्हशीच्या पोटावानी लोंबून राहिली."

त्यांनी माझी काथ्याची दोरी सोडून खाली टाकली. खांद्यावरचा अंबाडीचा दोर काढला. त्याचं एक टोक घेऊन ते बाजेजवळ आले आणि वाकून बाबांच्या डाव्या हातात ठेवलं. हात उघडाच राहिला. नत्थुकाकांनी वाट पाहिली. मीही पाहिली. दुर्गाबाई वाटी घेऊन आत गेल्या. मग बाबांचं मनगट हळूच वळलं, एकदा आत, एकदा बाहेर, आणि दोराचा वेढा मनगटावर बसला. डोळे मिटलेलेच होते.

नत्थुकाका दुसरं टोक घेऊन अंगण ओलांडून समोरच्या भिंतीशी गेले. तिथून ओरडले, "धरली का?"

दोराला एक बारीकसा हिसका बसला.

बाबांनी मान वळवली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण एक डोळा मिटलेला असणार. नत्थुकाकांनी फडक्यातून सुई काढून भिंतीवर टेकवली. लाल चिंधी हलली. बाबांचं सगळं शरीर त्या क्षणी सुईकडे लागलं.

"इथं?"

वेढ्याबाहेर राहिलेल्या बोटांपैकी एक बोट डावीकडे गेलं.

"इथं?"

आणखी डावीकडे.

"इथं मायबाप?"

बोट जरासं उजवीकडे आलं.

"पाह्यलं रुख्मे? तुहा बाप अजून गुण्याच हाये."

बाबांचा तळहात बाजेवर दाबला गेला. बस, तिथेच. नत्थुकाकांनी अंगणातला दगड उचलून सुई मातीच्या भिंतीत ठोकली, ताणलेला दोर तिच्या कडीतून ओवून गाठ मारली आणि अकरा वर्षांच्या सवयीने मोठ्याने हाक दिली, "रोवली! ये!"

हाक अंगणभर गेली. बाबा हलले नाहीत, हलणार नव्हते. आपण काय बोलून गेलो हे नत्थुकाकांना तेव्हा उमजलं असावं. त्यांनी भिंतीवरचा हात काढला. मग दोराच्या कडेकडेने चालत बाजेपाशी आले. तळावरच्या त्या उन्हाळ्यात पुढचा माणूस उलटा मागच्याकडे आलेला मी कधीच पाहिला नव्हता.

ते बाजेच्या काठावर बसले. बाबांच्या मनगटाचा वेढा सोडवून त्यांनी ते टोक बाजेमागच्या खांबाला बांधलं. मग म्हणाले, "नऊ होत्या गोवर्धन. मलेबी मालूम होतं."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. तोंडातून एक आवाज आला, त्याचा शब्द झाला नाही. मग त्यांनी चाचपडत नत्थुकाकांचा हात ओढला, तळहात वर केला आणि त्यावर एक बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं.

नत्थुकाका मोठ्याने मोजू लागले. "एक. दोन. तीन." प्रत्येक बोटाला वेळ लागत होता. सहावर बाबा दमले, थांबले, पुन्हा सुरू केलं. "सात. आठ." नवाला बोट तळहातावर बराच वेळ तसंच राहिलं. आम्ही कुणी घाई केली नाही.

"दहा," नत्थुकाका म्हणाले. "बराबर हायेत."

त्यांनी मूठ मिटून घेतली.

बाबा त्यानंतर सहा दिवस होते. नत्थुकाका परत गेले नाहीत. रात्रंदिवस बाजेजवळ बसून मोजणीच्या गावांच्या गोष्टी सांगत. कोणत्या गावचं ताक कसं, हेच बहुतेक. बाबांना ते पटत नसे. मधूनच बोट हलवून ते चूक दाखवत. सातव्या दिवशी पहाटे बोट हललं नाही.

तेरावा झाल्यावर मी नत्थुकाकांना टांग्यापर्यंत पोचवायला निघाले. सुई त्यांची होती, अठरा वर्षं त्यांनी जपली होती. "थांबा काका, सुई काढून देते," मी म्हटलं.

"तू कावून काढशीन?"

"मंग तुमी काढा."

त्यांनी दारातूनच अंगणाकडे पाहिलं. दोरावर बाबांचं धोतर होतं, मीच सकाळी धुऊन टाकलेलं.

"सुई उचलाचं काम मागच्याचं," ते म्हणाले. "म्या कधी उचलली नाई." आणि ते टांग्यात जाऊन बसले.

दिवाळीच्या आधी चुना द्यायला माणूस आला होता. भिंतीतला गंजका खिळा काढून टाकू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं, त्याच्या भोवतीने लाव. त्याने तसं केलं. चिंधीवर चुन्याचे दोन थेंब उडाले होते, ते मी ओल्या फडक्याने पुसले. मग कपडे वाळत टाकले. दोर अजून ढिला पडलेला नाही.